व्हायलवरचे नाव आणि आतली पेशी : ग्रामीण महाविद्यालयांसाठी ओळख-चाचण्यांची तुलना

विदर्भातील तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या औषधनिर्माणशास्त्र आणि जीवशास्त्राच्या महाविद्यालयांत मोह, करंज, बिब्बा यांसारख्या झाडांचे अर्क कॅन्सरच्या पेशींवर तपासणारे प्रबंध नियमितपणे होतात, आणि खर्रा घराघरांत पोहोचलेला असल्यामुळे तोंडाचा कॅन्सर हा विषय विद्यार्थी आवर्जून निवडतात. अशा वेळी ‘केबी’ ही सेल लाइन (प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवली जाणारी पेशींची वंशावळ) सुचवली जाण्याची शक्यता मोठी असते, कारण ती तोंडाच्या कॅन्सरची म्हणून अनेक दशके वापरात आहे. प्रत्यक्षात केबीच्या नावाखाली वाढणाऱ्या पेशी हेलाच्या आहेत, म्हणजे १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशींचेच ते वंशज आहेत. बोगस बियाणे बहुधा उगवतच नाही, त्यामुळे शेतकऱ्याला पंधरवड्यात फसवणूक कळते. हेलासारखी चुकीची पेशी मात्र मूळ पेशीपेक्षा जोमाने वाढते, आणि तिच्या चांगल्या वाढीमुळेच संशय येत नाही.

ओळख तपासण्याचे मार्ग अनेक आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ‘पेशी बरोबर दिसतात’ असे नोंदवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रचलित मार्ग असला, तरी त्याला चाचणी म्हणता येत नाही, कारण माध्यम, सीरम आणि गर्दी बदलली की एकाच पेशीचा आकार बदलतो. या क्षेत्रातील पहिला मोठा धक्का जनुकशास्त्रज्ञ स्टॅन्ले गार्टलर यांनी १९६६ साली दिला, तो विकरांच्या (एन्झाइमांच्या) प्रकारांवरून : वेगवेगळ्या व्यक्तींच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अठरा सेल लाइनमध्ये त्यांना जीसिक्सपीडी या विकराचा एकच प्रकार आढळला, आणि तो मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांत सापडणारा होता. लॅक्स याच वंशाच्या होत्या, म्हणून त्या साऱ्या लाइनमध्ये हेला शिरली असल्याचा निष्कर्ष निघाला. आज मात्र या पद्धतीचा उपयोग फार तर पेशी कोणत्या प्राण्याची आहे एवढे सांगण्यापुरता उरला आहे, त्यामुळे आपल्या निर्णयात तिचा विचार करण्याचे कारण नाही.

खरी निवड कॅरिओटायपिंग ही गुणसूत्रांची तपासणी आणि एसटीआर ही डीएनएची तपासणी यांच्यात आहे. कॅरिओटायपिंगमध्ये विभाजन होत असलेल्या पेशी थांबवून त्यांची गुणसूत्रे मोजली आणि जुळवली जातात. माणसाच्या सामान्य पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, तर हेलामध्ये ती सत्तरच्या पुढे जातात आणि काही गुणसूत्रे तर हेलाची खूण म्हणूनच ओळखली जातात. वॉल्टर नेल्सन-रीस यांनी १९७० च्या दशकात याच खुणांच्या आधारे अनेक प्रयोगशाळांतील घोळ उघड केला. पेशींमध्ये झालेले मोठे फेरबदल या पद्धतीत डोळ्यांना दिसतात, हा तिचा गुण एसटीआरकडे नाही. तथापि तिच्यासाठी जिवंत, वाढत्या पेशी लागतात, आणि गुणसूत्रांवरचे पट्टे वाचणारी मुरलेली नजरही लागते. पारा ४५ अंशांवर गेलेला असताना वर्धा किंवा यवतमाळ जिल्ह्यातून जिवंत पेशींचा फ्लास्क कुरिअरने पुण्या-मुंबईस पाठवणे म्हणजे तो गमावण्याची तयारी ठेवणे होय.

एसटीआर चाचणीत डीएनएमधील पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांची लांबी ठरावीक जागी मोजली जाते; न्यायवैद्यक प्रयोगशाळा व्यक्तीची ओळख पटवताना हेच तंत्र वापरतात. मानवी सेल लाइनसाठीच्या मूळ प्रमाणकात अशा आठ जागा आणि लिंग दर्शवणारी अमेलोजेनिन ही खूण होती, तर २०२१ च्या सुधारणेत जागांची संख्या तेरा झाली. आलेला आराखडा सेलोसॉरससारख्या खुल्या माहितीसंचाशी ताडून पाहता येतो, आणि साधारणपणे ८० टक्के किंवा त्याहून अधिक खुणा जुळल्यास दोन्ही नमुने एकाच व्यक्तीचे मानले जातात. उदाहरणार्थ, १६ पैकी १४ खुणा जुळल्या तर हे प्रमाण ८७.५ टक्के येते. आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट अशी की या चाचणीला जिवंत पेशींची गरज नसते. पेशींचा थेंब एफटीए कार्डावर (डीएनए टिकवणाऱ्या खास कागदावर) वाळवून ते कार्ड साध्या लिफाफ्यातून पाठवले तरी डीएनए टिकतो, मग बाहेर नवतपा असो की दिवसभराचे लोडशेडिंग. खर्चाचे म्हणाल, तर पेशी वाढवण्यासाठी लागणाऱ्या एफबीएस या गोवंशीय सीरमच्या ५०० मिलिलिटरच्या एका बाटलीपेक्षा एका नमुन्याची तपासणी स्वस्त पडते, हे खरेदीचे प्रस्ताव लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी मुद्दाम प्राचार्यांच्या नजरेस आणून द्यावे.

एसटीआरच्या मर्यादाही नीट समजून घ्याव्यात. एसडब्ल्यू-४८० आणि एसडब्ल्यू-६२० या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या दोन सेल लाइन एकाच रुग्णाच्या आहेत, पहिली मूळ गाठीतली आणि दुसरी लसिकाग्रंथीतली. त्यांची अदलाबदल झाली तर एसटीआर ती पकडू शकत नाही. डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेल्या जुर्काटसारख्या पेशींत काही खुणा पॅसेजनुसार (पेशी नव्या भांड्यात वाढायला घालण्याच्या प्रत्येक फेरीगणिक) सरकतात, आणि पुरुषाच्या पेशींतून वाय गुणसूत्र गळून पडलेले असू शकते, म्हणून एखादी खूण न जुळल्यास लगेच घाबरण्याचे कारण नाही. मिसळलेल्या पेशी थोड्या असतील, साधारण दहा टक्क्यांहून कमी, तर त्या निसटतात. उंदराच्या एल-९२९ किंवा माकडाच्या व्हेरो पेशींसाठी मानवी एसटीआर संच निरुपयोगी असून तेथे सीओआय जनुकावरून प्रजाती तपासावी लागते. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूचा संसर्ग एसटीआरला दिसतच नाही; त्यासाठी वेगळी पीसीआर चाचणी लागते, आणि ती पीसीआर यंत्र असलेल्या कोणत्याही महाविद्यालयात होऊ शकते. एसएनपी (डीएनएतील एकेका अक्षराचे फरक) तपासणारे संच किंवा संपूर्ण जनुकक्रम यांतून यापेक्षा बरेच अधिक कळते, पण एक-दोन सेल लाइन वापरणाऱ्या विभागाने त्यावर पैसे घालवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

चाचणीइतकाच महत्त्वाचा दुसरा निर्णय पेशी कोठून घ्यायच्या हा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून व्हायल (गोठवलेल्या पेशींची कुपी) मागवण्यात पत्रव्यवहार, प्रतीक्षा आणि प्रवास आहे; ओळखीच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेली व्हायल त्याच आठवड्यात मिळते. मी स्वतः असा शेजारधर्म स्वीकारला होता, आणि स्तनाच्या कॅन्सरच्या म्हणून मिळालेल्या पेशींचा आराखडा दीड वर्षानंतर एका वेगळ्याच पेशीशी जुळला. त्या दीड वर्षापुढे पत्रव्यवहाराचे तीन महिने फार नव्हते. संग्रहातून आलेली व्हायल वितळवल्यावर सुरुवातीच्या पॅसेजमध्येच दहा-बारा व्हायल गोठवून ठेवाव्यात. पशुवैद्यकीय दवाखान्यांत रेतमात्रांसाठी द्रव नायट्रोजनचे कॅन असतातच, त्यामुळे ते भरून देणाऱ्यांची फेरी बहुतेक तालुक्यांत पोहोचते. स्वतंत्र व्यवस्था उभारण्यापूर्वी तेथे चौकशी करावी.

ज्या महाविद्यालयांत पेशी वाढवण्याची सोयच नाही आणि अर्क बाहेरच्या प्रयोगशाळेत एमटीटी चाचणीसाठी (किती पेशी जिवंत राहिल्या हे पाहण्यासाठी) पाठवले जातात, त्यांच्यापुढचा प्रश्न अधिक सोपा असूनही तोच सर्वाधिक दुर्लक्षित आहे. त्यांनी पैसे भरण्यापूर्वी त्या सेल लाइनचा एसटीआर अहवाल, त्याची तारीख आणि चाचणीच्या वेळचा पॅसेज क्रमांक लेखी मागावा, आणि तो देण्यास टाळाटाळ झाल्यास दुसरी प्रयोगशाळा शोधावी. स्वतः पेशी वाढवणाऱ्यांनी व्हायल आल्यावर एकदा आणि शोधनिबंध पाठवण्यापूर्वी एकदा अशी दोनदा एसटीआर करावी, तसेच मायकोप्लाझ्माची पीसीआर अधूनमधून घरच्या घरीच करावी. कोणतीही सेल लाइन निवडण्यापूर्वी चुकीच्या ओळखीच्या सेल लाइनची, आयसीएलएसी या सेल लाइनची ओळख पडताळण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय समितीची सूची पाहणे तर पूर्णपणे मोफत आहे. तोंडाच्या कॅन्सरसाठी जिभेच्या गाठीतून आलेल्या कॅल-२७ किंवा एससीसी-२५ यांचा विचार करता येईल.

केबीवर आधीच काम झालेले असल्यास ते फेकून देण्याची आवश्यकता नाही. अर्कामुळे पेशी मेल्या ही नोंद खरीच राहते. फक्त प्रबंधाच्या शीर्षकातून तोंडाचा कॅन्सर काढून पद्धतीच्या प्रकरणात ‘केबी, म्हणजे हेला’ असे लिहावे, आणि खर्र्याशी जोडलेला प्रस्तावनेतील परिच्छेद वगळावा.