हमिंगबर्डचे फोटो: फ्लॅशचा मांडव की मिळेल तो उजेड?

इक्वाडोरचं तिकीट काढलंय, हमिंगबर्ड टिपायला मिंदो-तांदायापाच्या डोंगराळ जंगलात तीन दिवस हातात आहेत. आता लेन्स कुठली न्यायची, याआधी उजेड कुठला वापरायचा ते ठरवा.

पहिला पर्याय मल्टी-फ्लॅशचा. स्टँडवर चार-सहा फ्लॅश, मधोमध एकच फूल, मागे धूसर हिरवाईचा छापील कागद. आसपासची साखरपाण्याची भांडी उचलून ठेवतात आणि फुलात सिरिंजने पाक सोडतात. मग पक्षी जाणार कुठे? गंमत म्हणजे शटर जेमतेम १/२०० सेकंदावर असतं. पंख थिजवतो तो फ्लॅश. त्याची ताकद १/१६ किंवा १/३२ वर उतरवली की चमक साधारण १/१०,००० सेकंद किंवा त्याहूनही कमी टिकते. ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११ ते एफ/१६, म्हणजे बारीक, त्यामुळे आजूबाजूचा उजेड जवळपास बाद, म्हणून तर तो कागद. नाहीतर मागे काळोख. गळ्याची झळाळी पिसांच्या रचनेतून येते, कोन चुकला की गळा काळाच दिसतो. समोरून फ्लॅश पडला की ती हमखास मिळते. फोटो देखणा येतो, वादच नाही. फक्त शेजारी बसलेल्याचाही तोच येतो.

दुसरा पर्याय मिळेल त्या उजेडाचा. डोंगरउतारावरचं ते जंगल सदा ढगात. १/२००० शटर हवं म्हटलं तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० सहज लागतो, आणि तरी पंखांची टोकं पुसट. मी तो हट्ट सोडून देईन. हा पक्षी तरंगतो तेव्हा डोकं जवळजवळ स्थिर असतं. १/३२० ला डोळा लख्ख आणि पंखांचं नुसतं धुकं, हे मला थिजलेल्या पंखांपेक्षा जिवंत वाटतं. बूटेड रॅकेट-टेल या हमिंगबर्डचा नर पाहा: पायांत कापसाचे गोळे, शेपटीच्या टोकाला दोन चकत्या. तो फिरून फिरून ठरलेल्या काडीवर येतो. फोकस त्या काडीवर लावून ठेवायचा.

यानाकोचाला, साधारण ३,५०० मीटरवर, तलवारचोच्या (सोर्ड-बिल्ड) हमिंगबर्डसाठी जाणार असाल तर मांडवाचा विचारच नको. अंगापेक्षा लांब चोच वर धरून तो फांदीवर बसतो. फ्रेममध्ये वर जागा सोडायला मात्र विसरू नका.

पंखाचं पीस न् पीस हवं असेल तर तीनातली एक सकाळ मल्टी-फ्लॅशला द्या, आणि फोटोखाली तसं लिहा. बाकीचे दिवस मोकळे ठेवा.

सराव घरीच होईल. आपल्याकडे लोक ज्याला ‘हमिंगबर्ड’ म्हणून फोटो पाठवतात तो शिंजीर. खरे हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत. शिंजीर बहुतेक वेळा बसूनच मध पितो, पण जास्वंदीपुढे मधूनच क्षणभर तरंगतो. तेवढ्यात १/३२० ला त्याचा डोळा धरून बघा.