सही करण्याआधी: शैक्षणिक कर्ज माफ करावं की वाटून घ्यावं?

आमच्या तालुक्यात सध्या एक निवेदन फिरतंय: 'विद्यार्थ्यांचं शैक्षणिक कर्ज सरसकट माफ करा.' धाकट्या चुलतभावानं ते पाठवून विचारलं, "दादा, सही करू का?" त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर मांडतोय, कारण या पेचात तो एकटा नाही. मी स्वतः अशाच कर्जावर इंजिनिअर झालो. घर जिंतूर तालुक्यातलं, शेती कोरडवाहू. शेवटचा हप्ता भरायला माय माझ्यासोबत बँकेत आली होती. 'नो ड्यूज'चा कागद तिनं अजून पोथीत जपून ठेवलाय. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसत्या आकड्यांचा नाही.

तरी सुरुवात आकड्यांनीच करू, कारण कर्ज फुगतं कसं हे घरात कुणी समजावून सांगत नाही. समजा चार वर्षांच्या कोर्ससाठी दरवर्षी दीड लाख उचलले, व्याज साडेदहा टक्के. कोर्सभर आणि त्यापुढं एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र चालूच असतं. सरळव्याजानं धरलं तरी ते २ लाख २० हजारांवर जातं. म्हणजे हप्ता सुरू होतो तेव्हा डोक्यावर ६ लाख नसतात, ८ लाख २० हजार असतात. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला ११ हजार. वाळूजच्या कंपनीत नव्यानं लागलेल्या पोराला हातात १६ हजार आले, तर हप्ता भरून उरलेल्या पाच हजारांत खोलीभाडं द्यायचं की मेसचे पैसे? हप्ता चुकवणाऱ्या पोराला कुणी बुडव्या म्हणू नये, हे मला पहिल्यांदा सांगायचंय.

आता निवेदनातल्या सरसकट माफीकडं येतो. तिची मोठी ताकद म्हणजे सुटका लगेच होते. थकीत कर्जामुळं पोराचं आणि सहकर्जदार म्हणून बापाचं, दोघांचंही सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरचा गुणांक, खराब होतं. मग बापाला ट्रॅक्टरचं कर्ज मिळत नाही, धाकट्या बहिणीच्या शिक्षणालाही बँक नाही म्हणते. माफीनं ही गाठ एका दिवसात सुटू शकते.

पण माफी कशी चालते हे मराठवाड्याइतकं कुणी पाहिलंय? २००८ च्या केंद्राच्या शेतकरी कर्जमाफीत पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला होती. आपल्याकडं कोरडवाहू सात-आठ एकरवालाही कंगालच असतो, पण त्याला बहुतेक कर्ज स्वतः भरल्यावरच सवलत मिळणार होती. २०१७ ला मर्यादा दीड लाखाची झाली आणि त्यावरची रक्कम आधी भरा असं सांगितलं गेलं. नियमित फेडणाऱ्यांना प्रोत्साहन म्हणून २५ हजारांपर्यंत मिळाले. २०१९ च्या योजनेत मर्यादा दोन लाखांवर गेली आणि नियमित फेडणाऱ्यांसाठी ५० हजार ठरले. प्रत्येक वेळी रेघ कुठंतरी ओढली गेली आणि रेघेपलीकडच्या घरात वर्षानुवर्षं खदखद राहिली. शैक्षणिक कर्जातही रेघ ओढली जाणारच. मायनं दागिने मोडून गेल्या वर्षीच कर्ज फेडलं, त्या घराला काय सांगणार?

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. बायडन सरकारनं ऑगस्ट २०२२ मध्ये १० हजार डॉलरपर्यंत, आणि गरीब घरांसाठीचं पेल अनुदान मिळालेल्यांना २० हजारांपर्यंत माफी जाहीर केली. ३० जून २०२३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली. लाखो लोक अर्ज भरून बसले होते. घोषणा आणि पैसा यांच्यातलं हे अंतर आपल्याला नवं नाही. त्याच देशात २००७ पासूनची दुसरी वाट मात्र टिकली: सरकारी किंवा समाजसेवेच्या नोकरीत राहून दहा वर्षांचे १२० हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ. आपल्या ग्रामीण रुग्णालयांना आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना असं काही लागू झालं तर मी आनंदानं पाठिंबा देईन.

दुसरा रस्ता केरळचा, आणि मला तो सगळ्यात जास्त पटतो. २०१७ मध्ये त्या सरकारनं हप्त्याचा वाटा उचलायचं ठरवलं. चालू कर्जात पहिल्या वर्षी सरकार ९० टक्के भरणार, दुसऱ्या वर्षी ७५, तिसऱ्या वर्षी ५० आणि चौथ्या वर्षी २५. पोराचा पगार वाढत जातो तसा सरकारचा हात हळूहळू सुटतो. चार लाखांपर्यंतच्या बुडीत कर्जात ४० टक्के कर्जदारानं भरले की ६० टक्के सरकार भरणार. वरच्या उदाहरणातल्या वाळूजच्या पोराला लावून बघा: पहिल्या वर्षी ११ हजारांतले त्याच्या खिशातून जेमतेम ११०० जातील. तो थकणार नाही, बापाचं सिबिल शाबूत राहील, आणि पुढच्या वर्षी त्याच गावातल्या दुसऱ्या पोरीला कर्ज देताना बँक कुरकुरणार नाही. माफीची नुसती चाहूल लागली तरी लोक हप्ते थांबवतात आणि बँक नवं पीककर्ज द्यायला हात आखडते, हे आपण पाहिलेलं आहे.

तिसरा रस्ता कमाईनुसार हप्त्याचा. इंग्लंडमध्ये २०२३ पासूनच्या विद्यार्थ्यांना वर्षाला २५ हजार पौंडांवरच्या कमाईचे ९ टक्के भरावे लागतात, आणि ४० वर्षांनी उरलेलं माफ होतं. ऑस्ट्रेलियात ही रीत १९८९ पासून आहे. २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं सगळ्यांचं उरलेलं कर्ज २० टक्क्यांनी कमीही केलं. कागदावर सुंदर. पण तिथं वसुली पगारातून आणि आयकरातून होते. आपल्याकडं बरीच पोरं रोखीच्या किंवा ठेक्याच्या पगारावर असतात. त्यांची कमाई मोजायची कुणी? ही मागणी आज केली तर वीस वर्षांनी उपयोगी पडेल.

आता या तिन्ही रस्त्यांना लागू पडणारी गोष्ट, जी निवेदनात कुठंच नाही. तिन्ही उपाय बँकेच्या वहीतल्या कर्जावर चालतात. मराठवाड्यात शिक्षणाचं किती कर्ज त्या वहीत असतं? बापाचं पीककर्ज थकलं म्हणून सिबिल बिघडतं आणि पोराची फाइल पहिल्याच टेबलावर अडते. नियमानं चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. शाखेत गेल्यावर सातबारा मागितल्याचं मी स्वतः अनुभवलंय. मग माणूस सावकाराकडं जातो, पतसंस्थेत जातो, आडतीवर पुढच्या सोयाबीनवर पैसे उचलतो. बीड, धारूर, केजकडच्या ऊसतोड घरात मुकादमाची उचल येते आणि तिच्यातूनच पोरीचं वसतिगृह भागतं. ते फिटतं कोयत्यावर, आणि एखाद्या हंगामात पोरीलाही सोबत जावं लागतं. सरसकट माफी जाहीर झाली तर या घरात एक रुपयाही येणार नाही. लातूर-नांदेडला क्लासच्या फीसाठी विकलेलं एकर तर कुठल्याच वहीत नाही.

म्हणून कर्ज होण्याआधीचा उपाय मला जास्त मोलाचा वाटतो. २०२४-२५ पासून राज्यानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. हे मोठं काम आहे. पण खोली आणि मेस त्यात नाही, आणि घर कर्जात जातं ते तिथंच. शिवाय सरकारचे पैसे उशिरा आले की कॉलेज 'आत्ता भरा, आल्यावर परत देऊ' म्हणतं, आणि बाप पुन्हा आडतीवर उभा राहतो. व्याजाच्या योजनेचंही तसंच. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी कोर्सभराचं आणि त्यापुढच्या एका वर्षाचं व्याज केंद्र भरतं. त्यात बसलात तर वरचा ११ हजारांचा हप्ता ८,१०० वर येतो. कॉलेजला मानांकन आहे का आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत बँकेत गेला का, हे मात्र प्रवेशाच्या वेळीच बघावं लागतं. पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या २०२४ च्या शैक्षणिक कर्ज योजनेतही निवडक संस्थाच आहेत, तेव्हा आपलं कॉलेज त्या यादीत आहे का ते आधी तपासा.

भावाला मी सांगितलं: या मजकुरावर सही करू नको, मजकूर बदलायला लाव. 'सरसकट माफी'च्या जागी केरळसारखा चार वर्षांचा वाटा लिहा. ज्यांचं कर्ज आधीच बुडीत गेलंय त्यांच्या तडजोडीनंतर सिबिलवर 'सेटल्ड' (तडजोडीनं मिटवलं) नको, 'क्लोज्ड' (पूर्ण फिटलं) अशी नोंद मागा. बापाच्या थकीत पीककर्जावरून पोराचा अर्ज नाकारू नये, हेही घाला. वसतिगृहाचा भत्ता प्रवेशाच्या महिन्यातच खात्यावर जमा व्हावा, ही मागणी सगळ्यात वर ठेवा. तो म्हणाला, पोरं ऐकतील का माहीत नाही, उद्या संध्याकाळी पारावर बैठक आहे. मी म्हटलं, हप्त्याचा हिशोब कागदावर मांडून ने, आणि ऊसतोडीच्या दोन घरांतल्या पोरींनाही बोलाव.