रत्नागिरीत महिनाभरासाठी जागा: मारुती मंदिर की मांडवी?

कामानिमित्त येत असाल तर मारुती मंदिर परिसरातच फ्लॅट बघा. रिक्षा, मेडिकल, खानावळ सगळं हाकेच्या अंतरावर, आणि कुवारबावचं रेल्वे स्टेशनही त्याच बाजूला. समुद्र तेवढा दिसत नाही.

मांडवीला संध्याकाळी वारा असा येतो की पंखा लावावासा वाटत नाही. पण पावसाळ्यात तिथे राहणं सोपं नाही. कपडे दोन-दोन दिवस दमट, खाऱ्या हवेने खिडकीच्या कड्या गंजून घट्ट बसलेल्या. खोली बघताना कपाट पुढे ओढून मागची भिंत बघाच, ओल तिथेच कळते. मे महिन्यात येणार असाल तर नळाला पाणी किती वेळ असतं तेही विचारा.

करार मात्र दोन्हीकडे लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तसं बंधन आहे.