ग्लोबमध्ये नाटक बघायचं तर उभ्यानं!

लंडनला थेम्सच्या दक्षिण काठावरच्या 'शेक्सपिअर्स ग्लोब' या नाट्यगृहात सर्वात स्वस्त तिकीट सर्वात चांगलं आहे. मराठी नाटकवाल्यांनी 'पिटातला प्रेक्षक' म्हणून ज्याला हिणवलं, त्याची ही हक्काची जागा. मंचासमोरच्या उघड्या अंगणात 700 माणसं उभी राहतात. हे तिकीट कित्येक वर्षं 5 पौंड होतं. आता प्रयोगाप्रमाणे थोडं वाढतं.

अंगणात जागेला नंबर नसतो, म्हणून दारं उघडायच्या आधी रांगेत लागा. मंच साधारण दीड मीटर उंच आहे. अगदी पुढे गेलात तर कडेवर हात टेकता येतात आणि नट तुमच्याशीच बोलतो, पण मंचावरच्या सज्जातला प्रवेश आला की मान अवघडते. पाठीचा त्रास असेल तर मागच्या कठड्याला टेकून उभं राहणं बरं. प्रयोग चालू असताना खाली बसू देत नाहीत. डोअरकीपर लगेच उठवतात. छत्री उघडायलाही मनाई, कारण मागच्याला दिसत नाही. पाऊस आला म्हणून प्रयोग सहसा थांबत नाही, त्यामुळे टोपीचा रेनकोट हवाच. दुपारच्या प्रयोगाला ऊन प्रेक्षकांवर पडतं, नट सावलीत असतात. तीन तास उभं राहायचंय, तेव्हा नव्या चपला घालून जाऊ नका.

बसायचंच असेल तर मंचाच्या समोरचा, मधल्या मजल्यावरचा सज्जा घ्या. बाजूच्या बऱ्याच जागांना मंचावरचे दोन जाडजूड खांब आडवे येतात. नेमका महत्त्वाचा संवाद खांबामागे होतो. बाकं लाकडी, बहुतेकांना पाठ नाही. उशी भाड्यानं मिळते, ती घ्याच. शेवटच्या रांगेत निदान भिंतीला टेकता येतं.

शेक्सपिअरच्या काळातल्या ग्लोबची प्रतिकृती असलेली ही इमारत 1997 साली उघडली. ती उभी राहावी म्हणून वर्षानुवर्षं झटलेले अमेरिकन नट सॅम वॉनमेकर त्याआधी चार वर्षं गेले. ओकची चौकट, लाकडी खुंट्या आणि वर गवताचं छप्पर. 1599 चं मूळ ग्लोब 1613 मध्ये 'आठवा हेन्री'च्या प्रयोगात उडवलेल्या तोफेनं अशाच गवताच्या छपरामुळे जळालं होतं, म्हणून आता छपरावर पाण्याचे फवारे आहेत.

नाटक कुठलं निवडावं? इथे दिवे मालवत नाहीत, नटांना प्रेक्षकांचे चेहरे दिसतात. त्यामुळे विनोदी नाटकं उसळतात. शोकांतिकेत मात्र भलत्या जागी हशा येतो. इंग्रजी जुनी आहे, कथानक वाचून जा. 2012 च्या उत्सवात इथे 37 भाषांत 37 नाटकं झाली. त्यात हिंदी, गुजराती, बंगाली होत्या, मराठी नव्हती. आगरकरांनी 1883 मध्येच 'हॅम्लेट' मराठीत आणलं होतं, हे आठवलं की चुटपुट लागते.

ग्लोबचा हंगाम वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत. थंडीत गेलात तर त्याच आवारातलं, 2014 मध्ये उघडलेलं सॅम वॉनमेकर प्लेहाउस गाठा. ते बंदिस्त, जेमतेम 340 जागांचं, मेणबत्त्यांवर चालणारं. शोकांतिका बघावी ती इथे. फक्त वरच्या सज्जातल्या बाजूच्या जागा टाळा: झुंबरं नेमकी डोळ्यांसमोर येतात आणि पुढे वाकल्याशिवाय अर्धा मंच दिसत नाही.