झोपेचा इलाज आणि पेगचा हिशेब: निद्रानाशावरील एका ऑनलाइन कार्यक्रमाचे परीक्षण

निद्रानाशावरील ज्या ऑनलाइन कार्यक्रमाविषयी येथे लिहीत आहे, त्याच्या माहितीपानावर दारूचा उल्लेख जवळजवळ नाही. तो झोपेचा उपचार म्हणून विकला जातो आणि झोपेच्याच निकषांवर त्याचे मूल्यमापन होते. मी मात्र तो घेतला तो रात्रीचे पिणे कमी करता यावे म्हणून, कारण माझ्या पिण्यातला मोठा भाग ‘याशिवाय झोप लागत नाही’ या एकाच सबबीवर उभा होता. म्हणून हे परीक्षणही त्याच दृष्टीने केलेले आहे. ज्याला केवळ झोप हवी आहे त्याला यातील काही आक्षेप अनावश्यक वाटतील. जो झोपेसाठी पितो त्याला ते आधी ठाऊक असलेले बरे.

कार्यक्रमाच्या मुळाशी असलेली पद्धत नवी किंवा संशयास्पद नाही. निद्रानाशासाठीची कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलून केला जाणारा उपचार, जिला व्यवहारात सीबीटी-आय म्हणतात, ती प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावरचा पहिला उपचार असावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये केली. तिचे दोन मुख्य आधार त्याहून बरेच जुने आहेत. बिछान्याचा झोपेशीच संबंध राहावा यासाठीचे नियम रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडले आणि बिछान्यातला वेळ आखडण्याची पद्धत आर्थर स्पीलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये. प्रशिक्षित थेरपिस्ट मोजकेच असल्यामुळे हीच पद्धत इंटरनेटवरून देण्याचे प्रयत्न झाले आणि त्यांची कसून तपासणीही झाली. कोणते उपचार वापरावेत याचा सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये ‘स्लीपिओ’ या कार्यक्रमाची शिफारस, ज्यांना एरवी झोपेच्या गोळ्या किंवा चांगल्या सवयींचा जुजबी सल्ला मिळाला असता अशा रुग्णांसाठी केली. तेव्हा ‘मोबाइलवर कुठे थेरपी होते का’ ही शंका घेऊन आत शिरण्याचे कारण नाही. खरा प्रश्न आहे तो जास्त पिणाऱ्या माणसाला ही पद्धत कितपत लागू पडते हा.

सुरुवातीलाच एक उणीव दिसते. प्रवेशाच्या वेळी निद्रानाशाची तीव्रता मोजणारी सात प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली जाते; तिचे गुण ० ते २८ असतात आणि १५ किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे मध्यम ते तीव्र निद्रानाश. ही प्रश्नावली नीट, सविस्तर आणि समजेल अशा भाषेत आहे. दारूविषयी मात्र ‘आपण मद्य घेता का’ एवढा एकच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ‘कधीकधी’ असे देऊन कोणालाही पुढे जाता येते. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ऑडिट नावाची दहा प्रश्नांची चाचणी विनामूल्य उपलब्ध आहे, ती भरायला काही मिनिटे पुरतात आणि आठ किंवा अधिक गुण आले तर पिणे धोकादायक पातळीवर असल्याचे मानले जाते. एवढी हाताशी असलेली गोष्ट कार्यक्रमाने का वगळावी, हे कळत नाही. पिणाऱ्या माणसाला अडचणीचा प्रश्न विचारला तर तो कार्यक्रम सोडून जाईल, अशी भीती असावी; पण न विचारता पुढे नेणे हे त्याहून वाईट.

पहिल्या पाठात दारू आणि झोप यांचा संबंध एका छोट्या परिच्छेदात उरकला आहे. जे लिहिले आहे ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. मद्य मेंदूतील क्रिया मंदावते, त्यामुळे झोप लवकर लागते, हे पिणाऱ्याला अनुभवाने माहीत असते आणि तिथेच त्याची फसगत होते. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोप मिळते आणि स्वप्नांची झोप दबते. शरीराने मद्य पचवून संपवले की उत्तरार्धात उलटा परिणाम सुरू होतो, नाडी वाढते, घाम येतो, पहाटे तीन-चारला टक्क जाग येते. त्याशिवाय घशाचे स्नायू सैल पडल्याने घोरणे आणि झोपेतला श्वास अडखळणे वाढते. रोज पिणाऱ्यामध्ये झोप आणणारा गुण काही रात्रींतच बोथट होतो आणि मग तेवढ्याच गुंगीसाठी मात्रा वाढवावी लागते. झोप मोडणारा गुण मात्र कायम राहतो. हे सगळे सांगायला आणखी एक पान पुरले असते आणि पिणाऱ्या वाचकासाठी ते पान संपूर्ण कार्यक्रमातील सर्वांत मोलाचे ठरले असते.

ही उणीव काही प्रमाणात भरून काढते ती झोपेची डायरी. दररोज सकाळी आदल्या रात्री बिछान्यात कधी गेलो, झोप लागायला किती वेळ लागला, किती वेळा जाग आली, शेवटी कधी उठलो, हे भरायचे असते आणि त्याखाली दोन साध्या ओळी असतात: किती पेये घेतली आणि शेवटचे किती वाजता घेतले. कार्यक्रम या दोन ओळींचे फारसे काही करत नाही. परंतु काही आठवड्यांच्या नोंदी एकाखाली एक दिसू लागल्या की माणसाला स्वतःच वाचता येते की ज्या रात्री झोप ‘पटकन’ लागली त्याच रात्री पहाटेची जाग सर्वांत लांब होती. डॉक्टरांनी, घरच्यांनी, मित्रांनी हेच सांगितलेले असते आणि ते सगळे उपदेश म्हणून कानाआड झालेले असते. स्वतःच्या हाताने भरलेल्या आकड्यांशी वाद घालता येत नाही. माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथे. डायरी सकाळी भरायची असल्यामुळे आदल्या रात्रीचा आकडा शुद्धीवर असताना लिहावा लागतो, हाही तिचा एक कडक, उपयुक्त गुण.

कार्यक्रमाचा कणा म्हणजे बिछान्यातला वेळ आखडणे, आणि पिणाऱ्याची कसोटी लागते तीही तिथेच. समजा, एखादा माणूस आठ तास बिछान्यात पडून साडेपाच तास झोपतो. तर त्याला सुरुवातीला बिछान्यात साडेपाच तासच मिळतात, उठण्याची वेळ पक्की ठरते आणि झोपण्याची वेळ मध्यरात्रीच्या पुढे ढकलली जाते. पाच तासांच्या खाली मात्र सहसा जात नाहीत. बिछान्यातल्या वेळापैकी सुमारे ८५ टक्के किंवा अधिक वेळ प्रत्यक्ष झोपेत जाऊ लागला की पंधरा-पंधरा मिनिटांनी मुदत वाढवत नेतात. झोपेची भूक साठू द्यायची आणि मग ती बिछान्यातच भागवायची, असा हा सरळ हिशेब आहे आणि तो चालतो. पहिले एक-दोन आठवडे मात्र दिवसा डोळे मिटतात, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. याची पूर्वसूचना कार्यक्रमाने चांगली दिली आहे आणि त्या काळात लांबचे वाहन चालवू नका, हेही स्पष्ट बजावले आहे.

जे सांगितलेले नाही ते असे की झोपण्याची वेळ दहावरून एकवर गेली की मधले तीन तास रिकामे होतात आणि ते नेमके बाटलीचे तास असतात. त्यातच दुसरा नियम सांगतो की झोप येत नसेल तर बिछान्यात लोळू नका, उठून दुसऱ्या खोलीत जा. सामान्य माणसासाठी दुसऱ्या खोलीत पुस्तक असते. पिणाऱ्यासाठी तिथे कपाट असते. ‘शांत, मंद प्रकाशात काहीतरी वाचा’ हा सल्ला इथे अपुरा पडतो. घरात दारू ठेवू नये, निदान या आठवड्यांत तरी; त्या तीन तासांत कोणाशी बोलायचे, काय हाताशी घ्यायचे, हे दुपारीच ठरवून ठेवावे, कारण रात्री अकराला घेतलेल्या निर्णयाचा भरवसा नसतो. हे मी माझ्या अनुभवाने जोडत आहे. कार्यक्रमाने ते स्वतः जोडायला हवे होते. आणखी एक बारीक घोळ असा की सायंकाळी प्यायल्यामुळे लवकर आलेल्या गुंगीला डायरी झोपच समजते, त्यामुळे प्यायलेल्या रात्रींचे आकडे फसवे चांगले दिसतात आणि झोपेची मुदत ठरवणारा हिशेब त्यांच्यावरच बेततो. मानवी मार्गदर्शक असता तर त्याने हे एका नजरेत पकडले असते. या कार्यक्रमात आठवड्यातून एकदा लेखी प्रश्न विचारण्याची सोय आहे. उत्तरे येतात, सभ्य असतात, आणि बहुतेक वेळा पाठातलीच वाक्ये परत पाठवतात.

विचारांवर काम करणारे पाठ मला अपेक्षेपेक्षा सरस वाटले. त्यांतील उदाहरणे सगळी ‘आज झोप झाली नाही तर उद्या काम बिघडेल’ या प्रकारची आहेत, पण त्यांची रीत उचलून ‘एक पेग घेतल्याशिवाय झोप लागणारच नाही’ या वाक्याला लावता येते. हे वाक्य भाकीत म्हणून कागदावर लिहायचे, त्याच्यापुढे सकाळी प्रत्यक्षात काय घडले ते लिहायचे, आणि काही रात्रींनी भाकिताची लायकी तपासायची. न पिता झालेल्या पहिल्या काही रात्री वाईटच जातात, त्यामुळे भाकीत आधी खरे ठरल्यासारखे दिसते. तिथे टिकणे हेच अवघड. स्नायू सैल करण्याचे आणि श्वासाचे ध्वनिमुद्रित व्यायाम ठीक आहेत, त्यांविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

परिणामाविषयी जपून बोलले पाहिजे. या पद्धतीने जास्त पिणाऱ्यांचीही झोप सुधारते याला संशोधनाचा चांगला आधार आहे. झोप सुधारली की पिणे आपोआप उतरते, याविषयी मात्र निष्कर्ष तितके एकमुखी नाहीत. माझ्या बाबतीत क्रमही असाच राहिला. आधी झोप सावरली, मग ‘झोपेसाठी’ म्हणून घेतला जाणारा रात्रीचा शेवटचा पेग गेला, कारण त्याला बसायला कारणच उरले नाही. सोबतीसाठी, रागासाठी, सवयीसाठी घेतले जाणारे पेग मात्र जागच्या जागी होते आणि त्यांच्यासाठी समुपदेशकाकडे वेगळे जावे लागले. ‘दारू कमी करणारा कार्यक्रम’ म्हणून हा कोणी विकला तर ती अतिशयोक्ती ठरेल. पिण्याचा एक खांब काढून घेणारा उपचार, एवढे श्रेय त्याला निश्चित द्यावे, आणि ते थोडे नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत या कार्यक्रमाला मी कमी गुण देतो. ज्याला सकाळी हात थरथरणे, घाम येणे, मळमळणे असा त्रास होतो आणि प्यायल्यावरच तो थांबतो, त्याने केवळ एका अ‍ॅपच्या भरवशावर दारू एकदम सोडणे धोक्याचे आहे. अशा माणसाला सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत फिटचे झटके येऊ शकतात; त्यानंतरच्या काळात भ्रम, भास आणि तीव्र अस्वस्थतेची जीवघेणी अवस्था उद्भवू शकते, आणि त्यावर रुग्णालयातच उपचार करावे लागतात. ही सूचना पहिल्या पानावर ठळक हवी. ती वापराच्या अटींमध्ये गाडून ठेवली आहे. अपस्मार किंवा बायपोलर आजार असलेल्यांसाठी झोप आखडणे हानिकारक ठरू शकते, हे मात्र सुरुवातीलाच विचारले जाते. घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाला झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्यायला सांगितले जाते, हेही योग्य. आणि झोपेची गोळी व दारू एकत्र घेऊ नयेत, हे वाक्य कितीही वेळा छापले तरी जास्त होणार नाही. येथे ते एकदाच छापले आहे.

पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाचे ‘इन्सोम्निया कोच’ हे अ‍ॅप विनामूल्य आहे आणि डायरी ठेवणे व झोपेचे वेळापत्रक बसवणे या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. इंग्रजी चालत असेल तर आधी ते वापरून पाहावे. दुसरी गोष्ट म्हणजे नोंदींची मालकी. व्हर्जिनिया विद्यापीठात तयार झालेल्या ‘शुटी’ या निद्रानाशावरील कार्यक्रमातून पुढे आलेल्या ‘सॉमरिस्ट’ या अ‍ॅपला २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे औषधे व वैद्यकीय उपकरणे तपासणाऱ्या सरकारी संस्थेची, मान्यता मिळाली आणि तीनच वर्षांत ते विकणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. चांगला उपचार आणि टिकाऊ कंपनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण किती पितो याची रोजची नोंद एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवताना ती नोंद उतरवून घेता येते का आणि पुसता येते का, हे आधी पाहिलेच पाहिजे. या कार्यक्रमात नोंद उतरवून घेता येते. पुसण्यासाठी लेखी विनंती करावी लागते आणि तिचे उत्तर यायला बराच काळ जातो. मुदत संपल्यावर डायरीही बंद होते, म्हणून शेवटच्या आठवड्यात तिचे रकाने कागदावर आखून घ्यावेत आणि पेयांच्या दोन ओळी त्यांत अवश्य ठेवाव्यात.