कुलूप लावलेल्या घराचा अहवाल: संभाजीनगरच्या प्रशिक्षणाचा माझा अनुभव

मी बीड जिल्ह्यात परिविक्षा अधिकारी आहे, म्हणजे गुन्ह्याच्या प्रकरणात आलेल्या मुलांच्या घरची परिस्थिती तपासून बाल न्याय मंडळाला अहवाल देणारी. बाल न्याय मंडळात आणि कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्यांसाठी सप्टेंबरात छत्रपती संभाजीनगरला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, त्याला गेले होते. शिकलेलं कामाला येतं का ते आधी बघायचं होतं, म्हणून चार महिने थांबून लिहितेय.

पहिली सकाळ कायद्याच्या कलमांत गेली, स्लाइडही इंग्रजीत. २०१५ चा बाल न्याय कायदा आमच्या रोजच्या वापरातला, त्यामुळे नवीन फारसं काही मिळालं नाही.

दुपारी फॉर्म ६ उघडला, म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल. मुलाला मंडळापुढे पहिल्यांदा हजर केल्यापासून १५ दिवसांत तो द्यायचा असतो. घरी जायचं, आईवडिलांना भेटायचं, शाळेत विचारायचं. आमच्याकडे ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की तांडेच्या तांडे साखर कारखान्याला जातात. दाराला कुलूप, आईबाप सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, थेट मार्च-एप्रिलपर्यंत. अशा वेळी मी ‘पालक ऊसतोडीसाठी स्थलांतरित, भेट झाली नाही’ एवढंच लिहायचे. त्या एका ओळीवरून वाचणाऱ्याला वाटतं की या लेकराला कुणी नाहीच. जामिनाच्या वेळी ते त्याला भोवतं, आणि हे मला फार लागायचं.

मी उठून हेच विचारलं. प्रशिक्षक आधी म्हणाले, शेजाऱ्यांशी बोला. तेवढ्यात मागच्या रांगेतले जालन्याचे एक ज्येष्ठ सहकारी बोलू लागले. प्रशिक्षकांनी त्यांना पुढे बोलावलं आणि पाऊण तास त्यांनाच बोलू दिलं. हा मोठेपणा मी विसरणार नाही. ते म्हणाले, मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाचा नंबर गावात मिळतोच, टोळी कोणत्या कारखान्याला आहे ते विचारा. दिवसा फोन करू नका, फडात कुणी उचलत नाही. गाडी भरून माणसं कोपीवर आली की करा. त्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाला पत्र देऊन कोपीवर भेट द्यायला सांगा. आणि आईशी बोलताना मुकादम जवळ नको, कारण त्याने आगाऊ दिलेली उचल अंगावर असते, ती मोकळं बोलणार नाही.

दुसऱ्या दिवशी एका विवाह समुपदेशक बाईंनी आमच्यातल्याच एकीला नऊ वर्षांचं मूल म्हणून मधल्या खुर्चीत बसवलं. आम्ही प्रश्न विचारायचे. कुणीतरी विचारलंच, “आई पाहिजे का पप्पा?” खुर्चीतल्या मॅडमना रडू फुटलं. मग समुपदेशक बाईंनी शांतपणे विचारलं, “शाळेतून आल्यावर दार कोण उघडतं?” मूल आईकडे की वडिलांकडे, या ताब्याच्या वादात मुलाशी कसं बोलावं, ते मला त्या एका प्रश्नात कळलं.

प्रशिक्षण संपल्यावरही आयोजकांनी हात सोडला नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ऑनलाइन बैठक असते. नावगाव न सांगता प्रकरण मांडायचं. डिसेंबरात माझ्याकडे चोरीच्या प्रकरणातला एक मुलगा होता, घराला कुलूप. बैठकीतून दोन प्रश्न सुचले, रात्री साडेआठला आईला फोन लावला. ती म्हणाली, “म्हातारी पडून हाय म्हणून त्याला गावात चुलत्याकडं ठेवलं, मॅडम. दिवाळीपास्नं शाळेत गेलाच न्हाई.” हे सगळं तिच्या शब्दांत अहवालात लिहिलं, चुलत्याचंही म्हणणं जोडलं. मंडळाने त्याला चुलत्याच्या ताब्यात, माझ्या देखरेखीखाली जामीन दिला.

उणिवाही सांगते. बाल कल्याण पोलीस अधिकारी फक्त दोन आले होते, आणि लेकरू पहिल्यांदा भेटतं ते त्यांनाच. आमच्या स्वतःच्या मनावरच्या ओझ्याला शेवटचा अर्धा तास मिळाला, तोही लोक बस गाठायला उठत असताना. ते सत्र सकाळी हवं.

पुढची तुकडी फेब्रुवारीत आहे. जाणार असाल तर स्वतःचा एखादा जुना अहवाल नावगाव खोडून सोबत न्या. फॉर्म ६ च्या सत्रात तोच उघडून बसायचं असतं.