पदकावरचं नाव बरोबर होतं

1 ऑगस्ट 2024 ला स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून नेम मारायच्या स्पर्धेचं, ब्राँझ मिळालं, तेव्हा आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात सगळ्यात जास्त आरडाओरडा आईनं केला. "पडून मारणं सोपं रे, उभं राहून मारा म्हणावं," असं टीव्हीलाच सुनावून ती उठली आणि ट्रंकेतून स्वतःचं पदक घेऊन आली. 1968, कॉलेजातली एनसीसी, पॉइंट टूटू रायफल, 25 यार्ड. चांदीचं पदक, पार काळं पडलेलं. मागे कोरलेलं, 'कु. कुमूदिनी'. 'मू' दीर्घ! कोरणाऱ्याची चूक. आजोबा म्हणे त्यावरून महिनाभर धुसफुसत होते.

तिच्या पंचाहत्तरीला पदक उजळून फ्रेम करून द्यायचं मी ठरवलं आणि तिला न सांगता रविवार पेठेतल्या एका दुकानात नेलं. मालकानं नखानं कड खरवडली, भिंग लावलं. "साहेब, चांदी आतून खराब होतीय. पाणी चढवावं लागेल, नाहीतर पापुद्रे सुटतील." मी मान डोलावली. बारावीला केमिस्ट्रीत मला चांगले मार्क होते, हे इथे न सांगितलेलंच बरं. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकानं, आणि तीही फक्त वरवर. दात घासायची पांढरी पावडर किंवा अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा आणि कढत पाणी, एवढ्यात काम होतं. चांदीच्या वस्तूला चांदीचं पाणी कशाला, हा प्रश्न मला दुकानात सुचला नाही.

फ्रेमखालच्या पट्टीसाठी मी आईचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. बिल मागितलं तर, "कशाला उगाच जीएसटी?" 1,800 रुपये रोख. आठ दिवसांनी पदक लखलखत आलं. मी काही विचारायच्या आत त्यानं चुंबक लावून दाखवलं. "बघा, चिकटतं का? अस्सल माल." जर्मन सिल्व्हरही चुंबकाला चिकटत नाही. ते तांबं, निकेल आणि जस्ताचं असतं, नावापलीकडे त्यात चांदी नसते.

वाढदिवसाला आईनं फ्रेम उलटी केली, मागच्या पिना सोडवल्या, चष्मा कपाळावर सरकवून पदक डोळ्यांजवळ धरलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, यात माझं नाव बरोबर लिहिलंय."

दुकानदाराकडे उत्तर तयार होतं. पॉलिशमध्ये अक्षरं पुसट झाली, म्हणून चिठ्ठीवरून पुन्हा कोरली. मला तेही क्षणभर पटलं. धाकट्या भावाला पटलं नाही. त्यानं कॉफी मोजायचा बारीक काटा घेतला. पदक भरलं 38 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य केला आणि पदक दोऱ्यानं पाण्यात सोडलं, बुडाला टेकू न देता. काटा 4.4 वर गेला. 38 भागिले 4.4, म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या साडेआठपटीहून जरा जड. चांदी असती तर दहापटीच्या वर यायला हवं होतं. त्याच आकाराचं चांदीचं पदक 45 ग्रॅमच्या आसपास भरलं असतं. देण्याआधी मी ते साधं किराणावाल्याच्या काट्यावर जरी ठेवलं असतं!

चौकीत अर्ज घेतला. साहेब सभ्य होते, पण मूळ वजन काय, बिल कुठंय, मागच्या बाजूचा फोटो आहे का, या तिन्हींना माझं उत्तर एकच. फोनमध्ये पदकाचे अकरा फोटो होते, सगळे पुढून. फॅमिली ग्रुपवर टाकायला मागची बाजू कोण काढतो?

आई मला एका शब्दानं बोलली नाही. आठवड्यानं तिनं पासबुकांच्या पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. त्या दिवशीचं टार्गेट. पिवळं पडलेलं, पाच भोकं, त्यातली चार एकमेकांत मिसळलेली. पाचव्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथे शिंक आली होती."

फ्रेम करू का, असं मी विचारलं नाही. तिथेच टेबलावर पसरून दोन्ही बाजूंचे फोटो काढले, कोऱ्या बाजूचासुद्धा.